नोकरी सोडून नट व्हायला मुंबईला जाऊ का? पारोळ्याच्या मुलाला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात सांगतो. मुलगा पारोळा तालुक्यातला, वय २३, बीकॉम, जळगावच्या एमआयडीसीत एका कंपनीत अकाउंटला आहे. कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या जळगाव केंद्रावर एकांकिकेत काम केलं आणि तेव्हापासून डोक्यातून नाटक जात नाही. विचारतोय की रंगभूमी आणि सिनेमा दोन्हीकडे काम करणाऱ्या नटाचं करिअर नेमकं चालतं कसं, नोकरी सोडून मुंबई गाठू का, आजकाल नाटक करायची गरज आहे का डायरेक्ट कॅमेऱ्यासमोर जाता येतं, आणि आपल्या खान्देशी बोलण्याची अडचण होते का. घरी कोरडवाहू कपाशी आहे, वडील म्हणतात, "नाटक करीसन पोट भरस का रे?"

भाऊ, तुझ्या चार प्रश्नांपेक्षा वडिलांचा एक प्रश्न जास्त कामाचा आहे, म्हणून आधी त्यालाच उत्तर देतो. भरतं. पण नुसत्या नाटकावर फार थोड्यांचं भरतं. नाटक, सिरीयल, सिनेमा, डबिंग, सूत्रसंचालन, वर्कशॉप असं सगळं मिळून बऱ्याच जणांचं भरतं, आणि तेही पहिली काही वर्षं नाहीच भरत. ती पहिली वर्षं काय खाऊन काढायची हे ज्यांनी आधी ठरवलं तेच पुढे नट म्हणून उभे राहिलेले मी बघितलेत. ज्यांनी नाही ठरवलं ते येईल त्या कामाला हो म्हणत गेले, कारण घरभाडं द्यायचं होतं, आणि चार-पाच वर्षांनी त्यांना कोणी नट म्हणून बोलवेना, नुसता "तो गर्दीतला हवालदार" म्हणून बोलवायला लागले.

मी कोण ते पण सांगतो म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुला ठरवता येईल. मी जळगावात राहतो, शाळेत मास्तर होतो, राज्य नाट्य स्पर्धेत बरीच वर्षं कामं केली, नाटकं बसवली, मग मुंबईत व्यावसायिक नाटकांत दुय्यम भूमिका, सिरीयलमध्ये तलाठी, हेडमास्तर, नवऱ्या मुलीचा बाप, सिनेमात दोन-दोन चार-चार सीन. चेहरा बघितल्यावर लोक म्हणतात "यांना कुठेतरी पाहिलंय", नाव कोणालाच माहीत नसतं. असे नट इंडस्ट्रीत शेकड्यांनी आहेत आणि खरं सांगायचं तर रोजचं शूटिंग त्यांच्याच जिवावर चालतं. तुझं करिअर स्टारसारखं होईल का ते मला सांगता येणार नाही, पण माझ्यासारखं होण्याची शक्यता जास्त आहे, म्हणून त्याचाच हिशोब देतो.

नटाचा पैसा कपाशीसारखा येतो, एकदम येतो, उशिरा येतो, आणि यायच्या आधीच अर्धा देण्याघेण्यात गेलेला असतो. व्यावसायिक नाटकात प्रयोगाला पैसे मिळतात, त्याला नाइट म्हणतात. प्रयोग झाला तर नाइट, नाही झाला तर घरी बसा. तालमीचे पैसे नव्या पोराला कोणी फारसं देत नाही, म्हणजे महिनाभर रोज दादर-माटुंग्याला तालमीला जायचं स्वतःच्या खिशातून. नाटक उभं राहिलं, चाललं, तर शनिवार-रविवारी शिवाजी मंदिर, दीनानाथ, गडकरी रंगायतन असे प्रयोग, मधूनच कॉन्ट्रॅक्टरने विकत घेतलेले दौरे, त्यात नाशिक-धुळे-जळगाव पण येतं. नाटक पडलं की पंधरा-वीस प्रयोगांत संपलं, मग परत पहिल्यापासून.

सिरीयलमध्ये दिवसाचा रेट ठरतो. शिफ्ट १२ तासांची, ती कधी लांबते, आणि पैसे ९० दिवसांनी, म्हणजे आज केलेल्या कामाचे तीन महिन्यांनी. हे फसवणं नाही बरं का, धंद्याची पद्धतच ती आहे, पण नव्या पोराला कोणी सांगत नाही आणि तो पहिल्या महिन्यातच मित्रांकडे उसने मागायला लागतो. वरून १० टक्के टीडीएस कापतात, तो रिटर्न भरलं तर परत मिळू शकतो, तू अकाउंटवाला आहेस तुला माहितीय, पण मी असे नट बघितलेत ज्यांनी वर्षानुवर्षं रिटर्नच भरलं नाही आणि हक्काचे पैसे सोडून दिले. सिनेमात छोट्या रोलला एकरकमी बोलतात किंवा दिवसावर. तिथे जुन्या लोकांनी शिकवलेली एकच गोष्ट लक्षात ठेव: डबिंग बाकी असेल तर शेवटचा हप्ता डबिंगला बसायच्या आधी मिटव. तोपर्यंत त्यांना तुझी गरज असते, नंतर फोन उचलत नाहीत. माझे एका प्रॉडक्शनने असेच बुडवले, पुण्याला ऑफिस होतं, चकरा मारल्या, मग एक दिवस ऑफिसवर दुसऱ्याच कंपनीची पाटी.

आता मोठ्या लोकांकडे बघू, कारण तू म्हणशील की मास्तर तुम्ही घाबरवताय. उलट मोठ्यांची चरित्रं नीट वाचलीस तर त्यातही हाच हिशोब दिसतो. डॉ. श्रीराम लागू १९२७ चा जन्म, बी. जे. मेडिकलला असताना नाटकं, मग कान-नाक-घशाचे सर्जन, पुण्यात भालबा केळकरांबरोबर पीडीए या संस्थेत हौशी नाटकं, मधे परदेशात शिक्षण, आफ्रिकेत टांझानियात डॉक्टरकी. पूर्णवेळ नट कधी झाले? १९६९ साली, म्हणजे चाळिशी उलटल्यावर. आणि लगेच पुढच्या वर्षी डिसेंबर १९७० ला नटसम्राट रंगमंचावर आलं. लोकांना वाटतं माणूस अचानक उगवला. त्याच्या मागे हौशी रंगभूमीची वीसेक वर्षं होती आणि त्या सगळ्या काळात चूल डॉक्टरकीवर पेटत होती, त्यामुळे जे नाटक करायचं तेच केलं. पुढे हिंदीत बाप, जज, डॉक्टर अशा भूमिका ढिगाने केल्या, त्यातल्या कितीतरी विसरण्यासारख्या आहेत, पण मराठी नाटक सोडलं नाही, स्वतःची रूपवेध संस्था काढून हवी ती नाटकं केली. आत्मचरित्र आहे त्यांचं, लमाण नावाचं, ते मिळवून वाच.

निळू फुले पुण्यात लष्कराच्या मेडिकल कॉलेजात, एएफएमसीत, माळीकाम करायचे. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून वर आले, कथा अकलेच्या कांद्याची या लोकनाट्याने नाव झालं, आणि १९६८ च्या एक गाव बारा भानगडीने सिनेमात. सिनेमावाल्यांनी त्यांना सरपंच, पाटील, साखरसम्राट एवढंच दिलं, बायका त्यांना खरोखरचा वाईट माणूस समजायच्या असे किस्से आपल्याकडे अजून सांगतात. पण त्याच माणसाने १९७२ ला सखाराम बाइंडर केला, तेव्हा त्या नाटकावर केवढा गदारोळ झाला होता. आणि मग १९७५ चा सामना बघ, जब्बार पटेलांचा. एक सर्जन आणि एक माळी, म्हणजे लागू आणि फुले, एकाच फ्रेममध्ये समोरासमोर बसलेत, दोघंही रंगभूमीवरून आलेले, आणि दोघांपैकी कोणीही आवाज चढवत नाही. मी वर्कशॉपला पोरांना तो सिनेमा आधी आवाज बंद करून दाखवतो. नुसते चेहरे बघा म्हणतो, कोण बोलतंय त्याच्याकडे बघू नका, जो ऐकतोय त्याच्याकडे बघा.

अशोक सराफ स्टेट बँकेत होते, नाटक करत करत नोकरी केली, १९७५ ला पांडू हवालदार आला आणि मग पुढचं तुला माहितीय. सयाजी शिंदे साताऱ्याकडचे, पाटबंधारे खात्यात वॉचमन होते. यादी वाढवत नाही. यातला कोणीही पहिल्या दिवशी राजीनामा देऊन गाडीत बसलेला नाही.

उलटं उदाहरण पण आपल्या गावाशी जोडलेलंच आहे. बालगंधर्व, नारायण श्रीपाद राजहंस, लहानपणी काही काळ शिक्षणासाठी जळगावात होते आणि गाण्याचे सुरुवातीचे धडे त्यांनी इथेच मेहबूबखाँ यांच्याकडे घेतले, म्हणून तर आपलं ते खुलं नाट्यगृह त्यांच्या नावाचं आणि दर जानेवारीत संगीत महोत्सव पण त्यांच्या नावाचा. एवढा मोठा नट महाराष्ट्राने परत बघितला नाही. १९१३ ला गंधर्व नाटक मंडळी काढली, खरे शालू, खरं अत्तर, पंगतीला पंगत, आणि कर्जाचा डोंगर. ते कर्ज त्यांनी बुडवलं नाही, फेडलं, पण त्यात अंगातली उमेदीची वर्षं गेली. १९३५ ला प्रभातच्या धर्मात्मामध्ये संत एकनाथ केले, तिथे त्यांचं मन काही रमलं नाही, परत नाटकाकडे आले. ज्या माणसाला रोज रात्री समोरून "वन्समोअर" ऐकायची सवय, त्याने काचेच्या डोळ्यासमोर कशासाठी गायचं? हा माझा अंदाज आहे, पण नाटकातून कॅमेऱ्याकडे गेलेल्या प्रत्येक नटाला पहिल्या दिवशी हेच वाटतं.

तिथून तुझ्या तिसऱ्या प्रश्नावर येतो, नाटक गरजेचं का. डायरेक्ट कॅमेऱ्यासमोर जाऊन चांगलं काम करणारे आहेत, नाही असं नाही. स्मिता पाटीलचं घराणं आपल्या शिरपूरचं, वडील शिवाजीराव पाटील मंत्री होते, ती वाढली पुण्यात, सेवा दलाच्या कार्यक्रमांत असायची, मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचायची आणि तिथून सिनेमात. भूमिका आणि चक्र, दोन नॅशनल अवॉर्ड, आणि गेली तेव्हा ३१ वर्षांची. खान्देशात सगळे "आपली स्मिता" म्हणतात, तिने आपल्या बोलीत काम किती केलं ते सोडून द्या. पण तिच्यासारखी नजर दर पिढीत एखाद्याला मिळते. बाकीच्यांना ती कमवावी लागते, आणि कमवायची सगळ्यात स्वस्त जागा अजूनही नाटक आहे, कारण नाटकात एकच सीन तू तालमीत पन्नास वेळा करतोस. शूटिंगला तीन टेक मिळतात आणि चौथ्याला डायरेक्टर घड्याळ बघतो.

फरक मात्र समजून घे, नाहीतर नाटकाचा नट म्हणून हाकलतील. एका सिरीयलमध्ये मी नवरीचा बाप होतो, पाहुणे आलेत, मी चहा पितोय आणि एका वाक्यावर कप खाली ठेवतो. मास्टर शॉट सकाळीच झाला, सगळे एकत्र, सोपं. मग हिरोचे क्लोज, म्हणजे नुसत्या चेहऱ्याचे जवळून घेतलेले शॉट, हिरोईनचे क्लोज, जेवण, लाईट बदलली, माझा क्लोज आला तेव्हा संध्याकाळ होत आलेली. चहा तोच, गार, वर जाड साय. हिरो निघून गेलेला, त्याच्या जागी असिस्टंट पोरगी स्क्रिप्ट हातात धरून बातम्या वाचल्यासारखे त्याचे डायलॉग वाचतेय, आणि मला सकाळी जसं बोललो तसंच बोलायचंय, डाव्या हातात बशी, उजव्या हातात कप, "आमची परिस्थिती" या शब्दावर कप ओठांजवळून खाली. "परिस्थिती"च्या नंतर ठेवला तर एडिटिंगला जोड बसत नाही. हे सगळं सांभाळून डोळ्यांत लाचारी पण पाहिजे, तीही थोडीशी, कारण कॅमेरा दोन हातांवर. डायरेक्टर म्हणाला, "सर, जरा कमी." कमी केलं. "अजून कमी." शेवटी मी काहीच केलं नाही, नुसतं त्या पोरीचं वाक्य नीट ऐकलं, आणि तो ओके झाला.

नाटकात हेच जर मी केलं असतं तर तिसऱ्या रांगेच्या मागे कोणालाही कळलं नसतं की या बापाला काही वाटतंय. तिथे तेच दुःख पाठीतून, मानेतून, कप ठेवल्याच्या आवाजातून शेवटच्या रांगेपर्यंत पोचवावं लागतं, आणि वरती पंखे घरघर करत असतात, कोणाचं तरी पोर रडत असतं. आतून दोन्हीकडे तेवढंच असावं लागतं, बाहेर किती सोडायचं त्याचं माप वेगळं. दोन्ही मापं हातात असलेला नट उपाशी राहत नाही.

आणि टायमिंग शिकायला तुला एनएसडीला, म्हणजे दिल्लीच्या नॅशनल स्कूल ऑफ ड्रामाला, जायची पण गरज नाही, सारंगखेड्याच्या यात्रेला जा. लोक घोडे बघायला जातात, तू रात्री तमाशाच्या तंबूत जाऊन बस, पुढे नको, बाजूला, जिथून विंगेतलं दिसेल. बोर्डावर वरून माईक लटकवलेले असतात, कॉलर माईक वगैरे काही नाही. फडातल्या एका म्हाताऱ्या सोंगाड्याला मी कितीतरी वेळा बघितलंय, बतावणीत, म्हणजे तमाशातल्या विनोदी संवादात, तो पंच मारायच्या आधी बरोब्बर अर्धं पाऊल माईकखाली येतो, वाक्य टाकतो, आणि लगेच मागे सरकून पहिल्या रांगेतल्या एखाद्याकडे असा बघतो की जणू ते वाक्य त्यानेच म्हटलं. हशा फुटतो. आता गंमत अशी की हशा पूर्ण विरेपर्यंत तो थांबत नाही, अर्ध्यावर उतरला की पुढचं वाक्य टाकतो, म्हणजे लोकांना ऐकायला गप्प व्हावंच लागतं. हे कुठल्या क्लासमध्ये शिकवतात मला सांग. त्या कलावंतांचं जगणं मात्र फार अवघड आहे, दसऱ्यापासून आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, फिरायचं, उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात ते फेडायचे, पावसाळ्यात मजुरी. आपण नाटकवाले त्यांना कमी समजतो आणि त्यांच्याकडूनच चोरतो.

बोलण्याचं विचारलंस. अडचण होते, खोटं कशाला सांगू. आपल्याकडे शाळेची "शाया" होते, डोळ्याचे "डोये" होतात, आणि पुण्या-मुंबईच्या ऑडिशनला तो "ळ" पहिल्या मिनिटात पकडला जातो. उपाय कंटाळवाणा आहे पण लागू पडतो: रोज पेपरचा अग्रलेख मोठ्याने वाच, मोबाईलवर रेकॉर्ड कर, दुसऱ्या दिवशी ऐक. सहा महिन्यांत फरक पडतो. पण घरी आल्यावर आईशी प्रमाण मराठीत बोलायला लागलास तर मात्र तुझ्यासारखा मूर्ख नाही. अहिराणी ही तुझ्याकडची जास्तीची गोष्ट आहे, ती मुंबईतल्या पोराला हजार वर्षं घासून येणार नाही. सिरीयलवाल्यांना अजून गावाकडचा माणूस म्हटलं की कोल्हापूर-सातारा एवढंच सुचतं, धुळ्याचा शेतकरी पण "काय गं आक्के" करतो, आपल्याला टीव्ही फोडावासा वाटतो. पण सिनेमात आता बोली जपणारे लोक येताहेत, त्यांना त्या भागाचा नट लागतो आणि त्यांना तो सापडत नाही. अहिराणी यूट्यूबवर काम करायला मिळालं तर कर, मालेगावच्या व्हिडिओवाल्यांनी तर पैशावाचून कॅमेरा कसा चालवतात ते अख्ख्या देशाला दाखवलं. फक्त तिथे सगळं भडक करायची सवय लागते, ती उतरवायला मग वेळ लागतो.

शिक्षणाचं थोडक्यात. पैसे देऊन तीन महिन्यांत नट बनवणाऱ्या अॅकॅडम्या सोड. सरकारी ठिकाणं आहेत: पुण्याला विद्यापीठाचं ललित कला केंद्र, संभाजीनगरला विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग, मुंबई विद्यापीठाची अॅकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स, आणि दिल्लीचं एनएसडी. एनएसडी तीन वर्षांचं, स्टायपेंड मिळतो, पदवी लागते आणि नाटकांत काम केल्याचे दाखले लागतात, म्हणून कुठल्याही स्पर्धेचं सर्टिफिकेट फेकू नको. संभाजीनगर आपल्याला सगळ्यात जवळ. त्या शहरातून चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी वगैरे जिगीषा या नाट्यसंस्थेची पोरं मुंबईला गेली ती एकत्र गेली, ग्रुप म्हणून, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. एकटा माणूस मुंबईत कामाची वाट बघत बसतो, चार जण एकत्र असले की स्वतःच काहीतरी बसवायला घेतात, आणि बसवलेलं बघायलाच काम देणारे येतात.

मुंबईत काय होतं ते पण ऐक. वर्सोव्याच्या आरामनगरात ऑडिशनची ऑफिसं आहेत, रांगा लागतात, आत गेलास की नाव, वय, उंची, गाव, मग डावीकडे वळ, उजवीकडे वळ, दोन मिनिटांचा सीन, थँक यू. आता बरंचसं सेल्फ टेपवर चालतं, म्हणजे स्वतःच फोनवर सीन शूट करून पाठवायचा, ते पारोळ्यात बसून पण करता येतं: साधी भिंत, फोन आडवा, खिडकीचा उजेड समोरून, गाणंबिणं लावायचं नाही. हे एक कारण झालं की आज तुला नोकरी सोडायची गरज का नाही. ऑडिशनला कोणी पैसे मागितले की उठून निघायचं. कलाकाराचं कार्ड काढून देतो, पोर्टफोलिओ आमच्याच फोटोग्राफरकडे करा, रोल पक्का आहे फक्त एवढे भरा, हे सगळे धंदे आहेत आणि ते मुंबईतच चालतात असं नाही, आपल्याकडे हॉटेलचा हॉल घेऊन "भव्य ऑडिशन" करून जातात आणि एंट्री फी गोळा करून पसार. काम देणारा माणूस तुला पैसे देतो, तुझ्याकडून घेत नाही. कोऑर्डिनेटर, म्हणजे नटाला काम मिळवून देणारा मधला माणूस, काम मिळाल्यावर त्यातून कमिशन घेतो, ते वेगळं.

मग आता काय करायचं. नोकरी ठेव, निदान दोन वर्षं. एमआयडीसीची शिफ्ट सुटली की संध्याकाळ तुझी आहे, जळगावात तालमीची वेळ तशीही रात्रीचीच असते, कारण सगळेच नोकरीवाले. राज्य नाट्य स्पर्धेला कुठल्यातरी संस्थेत शिर. ही स्पर्धा १९५४ पासून चालू आहे, जळगाव केंद्र आहे, अर्ज पावसाळ्यात निघतात आणि प्राथमिक फेरी साधारण दिवाळीच्या पुढेमागे. पहिल्या वर्षी रोल नाही मिळाला तर बॅकस्टेज कर. सेट सकाळी चढवायचा, दुपारी लाईट, संध्याकाळी प्रयोग, रात्री सेट उतरवून टेम्पोत, या एका दिवसात जे कळतं ते कोणी तोंडाने सांगू शकत नाही. आकाशवाणी जळगाव केंद्राची नाट्य विभागाची ऑडिशन निघाली तर दे, नुसत्या आवाजावर काम करायची सवय पुढे डबिंगला पैसे मिळवून देते. दर महिन्याच्या पगारातून वेगळं खातं काढून पैसे टाक, त्याला हात लावायचा नाही, आणि त्यात मुंबईचा एक वर्षाचा खर्च जमला की मग राजीनाम्याचा विचार कर. एक वर्षाचा का? कारण काम मिळायला सहा महिने, आणि पैसे यायला अजून तीन. तोपर्यंत एखादं चांगलं ऑडिशन लागलं तर रजा टाक, रात्रीची गाडी पकड, सकाळी दादर, संध्याकाळी परत.

खात्यात पैसे असले की काय होतं सांगतो. मागे एका सिरीयलमध्ये मला महिनाभराचा रोल आला होता, दारूडा बाप, रोज बायकोला मारतो आणि त्यावर कॉमेडी. पगार चालू होता, म्हणून नाही म्हणता आलं. त्याच महिन्यात स्पर्धेचं नाटक केलं, ते बघायला मुंबईचा एक दिग्दर्शक आला होता, त्यातून पुढचं व्यावसायिक नाटक मिळालं. माझ्याबरोबरच्या एकाला तसाच रोल आला, त्याचं भाडं थकलेलं होतं, त्याने केला, चांगला केला बिचाऱ्याने, आणि पुढे त्याला फक्त दारूडेच आले. अभिनयात तो माझ्यापेक्षा सरस होता, आजही म्हणतो.

वडिलांना हे सगळं आकड्यात सांग, स्वप्नात सांगू नको. शेतकरी माणसाला हिशोब पटकन कळतो. म्हातारपणाचं विचारतील, तर सरकारची ज्येष्ठ कलावंतांना मानधनाची योजना आहे, महिन्याला ५००० रुपये, त्याच्यावर कोणाचं घर चालत नाही हेही त्यांना कळेल, म्हणून विमा आणि पीएफ जिवंत ठेव.

शेवटचं एक ऑडिशनबद्दल, कारण तू सोबत व्हिडिओ पाठवलायस तो बघितला. नटसम्राटचं स्वगत म्हणू नको रे. तेवीस वर्षांच्या पोराने त्यातला म्हातारा नट बेलवलकर केला की समोरच्याला तू दिसतच नाहीस, डॉ. लागू आणि नाना पाटेकर दिसतात आणि तुलना सुरू होते. व्हिडिओत तुझा आवाज चांगला आहे, पण हात फार हलतात आणि वाक्य संपायच्या आधीच तू पुढच्या वाक्याच्या तयारीला लागतोस. तुझ्या वयाचं, तुझ्या भागाचं काहीतरी घे, दीड मिनिटाचं, बसून बोलता येईल असं. मार्केट यार्डात कपाशीचा भाव ऐकून आलेला पोरगा घरी फोन करतोय, असलं काहीतरी स्वतःच लिही. एकदा अहिराणीत कर, एकदा प्रमाण मराठीत, दोन्ही टेप पाठव. किंवा सरळ तालमीलाच ये, रविवार सोडून रोज रात्री साडेआठनंतर आम्ही शाळेच्या हॉलमध्ये असतो, सध्या प्रॉम्प्टिंगला, म्हणजे नट विसरला की वाक्य सुचवायला, माणूस पाहिजेच आहे.